लग्न नाही, मयत नाही, नुसतं पाहायला

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही इथे नेहमी बचत, कर्ज, परतफेड आणि बँकेचे कागद यावर बोलतो. आज त्यातलं काही नाही. आज आपण फिरायला जाण्यावर बोलणार आहोत. हसू नका. विषय गंमतीचा वाटतो, पण गटाच्या बैठकीत तो एकदा काढून पाहा. किती गोष्टी बाहेर निघतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

गावोगावच्या बैठकांत आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. "गेल्या वर्षभरात गावाबाहेर कशाकशासाठी गेलात?" उत्तरं पटापट येतात. लग्न, मयत, तेरवी, बारसं, दवाखाना, बँक, तहसील. भाऊबीजेला माहेर. नवस फेडायला शेगाव, जमलं तर पंढरपूर. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. "आणि नुसतं पाहायला, मन रमवायला कुठे गेलात?" इथे बैठक गप्प होते. मग एखादी मावशी म्हणते, "नुसतं पाह्यले कोण जाऊ देते बाई?"

या "जाऊ देते" वर जरा थांबू. घरातला माणूस मित्रांसोबत चिखलदऱ्याला जाऊन येतो, नागपूरला जाऊन येतो, शंकरपटाला जाऊन येतो. त्याला कोणी कारण विचारत नाही. बाईला मात्र कारण लागतं. आणि तिचं कारण नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी असतं. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, कोणाचा नवस. तिला स्वतःला काही पाहावंसं वाटतं, हे कारण आपल्याकडे कारणात मोजलंच जात नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम म्हटलं की बाईच्या मनात काय येतं? दवाखाना. कस्तुरबा रुग्णालय. बाळंतपण झालं ते सेवाग्रामला, सासऱ्यांना नेलं ते सेवाग्रामला, लेकराला ताप आला तेव्हा रात्र काढली ती सेवाग्रामला. डबा घेऊन दहा-दहा वेळा गेलेल्या बाया आम्हाला भेटल्या. पण तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर जो आश्रम आहे, जो पाहायला देशाबाहेरून माणसं येतात, तो त्यांनी पाहिलेला नव्हता. वेळ नव्हता असं नाही. दवाखान्यात तासन्‌तास बसून राहावंच लागतं. पण "आपण तिकडे कशाला जायचं", हे मनात पक्कं बसलेलं.

म्हणून आमच्या प्रभागातल्या तीन गटांनी ठरवलं की दोन दिवस आपलाच जिल्हा पाहुणीसारखा पाहायचा. अठरा जणी तयार झाल्या. त्या दोन दिवसांत काय पाहिलं ते आधी सांगतो. मग तुमच्या गटाला जायचं असेल तर काय करावं लागेल, तेही सांगतो.

पहिला दिवस सेवाग्रामचा. आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं की गांधीजी इथे राहिले. पण गोष्ट जरा नीट ऐकण्यासारखी आहे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी ते जवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. हो, या गावाचं नाव तेव्हा शेगावच होतं. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाण्यात, हे शेगाव वर्ध्यात. त्यामुळे टपालाचा घोळ व्हायचा, पत्रं भलतीकडेच जायची. म्हणून 1940 साली या शेगावचं नाव सेवाग्राम ठेवलं. ही गोष्ट ऐकून आमच्या बाया खूप हसल्या. शेगावची वारी करणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातलं हे शेगाव माहीत नव्हतं.

आश्रमात आदि निवास आहे, बा कुटी आहे, बापू कुटी आहे. घरं मातीची, लाकडाची, बांबूची, वर कवेलू. सामान गावातलं, कारीगर गावातले. पाहायला येणारे शहरातले लोक साधेपणाबद्दल बोलतात आणि फोटो काढतात. आमच्या बायांनी मात्र आधी भिंतीला हात लावून पाहिला. सारवण कसं आहे, माती कोणती, भुशाचं प्रमाण किती, पोपडे का निघत नाहीत, यावर तिथेच चर्चा सुरू झाली. भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. ते काम मीराबहेन यांचं. इंग्लंडहून आलेल्या त्या बाईनं आपल्यासारखीच माती मळून भिंतीवर लिंपली, हे पाहून एक काकू म्हणाल्या, "एवढं तर मलेही येते." म्हणाल्या ते खरंच होतं. घर सारवणं हे आपण काम म्हणून करतो. ती कला आहे असं आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते बा कुटीपाशी. सुरुवातीला सगळेच आदि निवासात एकत्र राहत. पाहुण्यांची, कार्यकर्त्यांची सारखी ये-जा. त्या गर्दीत कस्तुरबांना त्यांचा म्हणून एक कोपरा मिळेना. तेव्हा जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. छोटीशीच आहे. पण ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसं राहतात, जिथे लुगडं बदलायला जागा शोधावी लागते, त्या घरातल्या बायांना या कुटीचं मोल कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मुक्काम आश्रमासमोरच्या यात्री निवासात केला. संध्याकाळी उघड्या आभाळाखाली सर्वधर्म प्रार्थना होते, तिला बसलो. प्रार्थना संपली तरी कोणी उठेना. कोणाला चहा मांडायचा नव्हता, कोणाची म्हैस दोहायची नव्हती. आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून या टायमाले मी कधी बसलीच नाही."

दुसरा दिवस पवनारचा. नागपूर रोडनं जाताना धाम नदीच्या पुलावरून आपण सगळ्यांनी पवनार पाहिलेलं आहे, पण एसटीच्या खिडकीतून. खाली उतरलेल्या फार कमी. विनोबाजी इथे 1938 मध्ये राहायला आले. जमीन खोदताना तिथे जुन्या दगडी मूर्ती निघाल्या. त्यातली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आश्रमात आहे. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थी याच धाममध्ये विसर्जित केल्या. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 12 फेब्रुवारीला इथे मेळा भरतो.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. 1959 साली विनोबाजींनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते बायांसाठी. अध्यात्म, अभ्यास, ब्रह्मचर्य ही पुरुषांची मक्तेदारी मानली जात होती, त्या काळात वेगवेगळ्या प्रांतांतल्या बहिणी इथे येऊन राहिल्या. स्वतःची शेती, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची सफाई, स्वतःचा अभ्यास. आणि कोणताही निर्णय सर्वांच्या संमतीनं. बहुमत नाही. एक जण जरी नाही म्हणाली तरी पुन्हा बोलायचं. यावर परतीच्या रस्त्यात आमच्या बायांचं चांगलंच भांडण झालं, म्हणजे चांगलं भांडण. कर्ज कोणाला आधी द्यायचं हे आपण हात वर करून ठरवतो आणि मग मागून कुरकुर चालते. तिथे ती कुरकुर समोरच ऐकून घेतात. हे आपल्या बैठकीत जमेल का? अजून ठरलेलं नाही, चर्चा सुरू आहे. पण ही चर्चा कोणत्याही प्रशिक्षणात निघाली नव्हती.

वर्ध्यात परत आल्यावर गोपुरीला गीताई मंदिर पाहिलं. या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या दगडांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. आपल्याला कळेल अशी गीता मराठीत तूच कर, असं ती मुलाला म्हणाली होती. आई 1918 मध्ये गेली. मुलानं पुढे 1930-31 मध्ये वर्ध्यात गीताई लिहून काढली. आमच्यासोबत एक मावशी होत्या, गटात आल्यावर सही शिकलेल्या आणि मग हळूहळू वाचायला लागलेल्या. त्यांनी दगडावरच्या अक्षरांवर बोट ठेवून एक ओळ लावली. दुसरी लावली. आम्ही उन्हात उभ्या होतो, पण घाई कोणी केली नाही.

शेवटी मगनवाडीतलं मगन संग्रहालय. गांधीजींच्या हस्ते 1938 साली सुरू झालेलं. खादी आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू तिथे मांडलेल्या आहेत. चरख्यांचे प्रकार, तेलघाणी, कुंभारकाम. ते पाहताना एकच वाक्य सारखं ऐकू येत होतं, "हे तर आमच्या आजीच्या घरी होतं." आजीचं घर आपण मागास समजून विसरलो आणि तेच पाहायला लोक तिकीट काढून, प्रवास करून येतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दूर युरोपात आयर्लंड नावाचा छोटा देश आहे. पाऊस भरपूर, हिरवी कुरणं, दगड रचून केलेले बांध, गाई-मेंढ्या. इंग्रजांचं राज्य त्यांनीही सोसलं आणि दुष्काळात माणसं त्यांचीही मेली. आज जगभरातले लोक सुट्टी घालवायला तिथल्या खेड्यांत जातात. काय पाहतात? शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करतात, घरच्या बाईनं भाजलेली पाव-भाकर खातात, संध्याकाळी गावातली गाणी ऐकतात, बांधाबांधानं फिरतात. म्हणजे आपल्याकडे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन, खंजिरीवरचं भजन ऐकून, वावरातून फेरफटका मारावा, तसंच.

पण त्या देशाची आम्हाला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. 1910 साली तिथल्या वेक्सफर्ड जिल्ह्यात ब्री नावाच्या गावी खेड्यातल्या बायांची एक संघटना सुरू झाली. आज तिला आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन म्हणतात. गावोगावी तिचे गट. खेड्यांत नळ यावा, वीज यावी म्हणून या बाया झगडल्या. आणि 1954 साली त्यांना समुद्राजवळच्या टर्मनफेकिन गावी एक मोठं घर मिळालं. नाव अन ग्रिअनान. खेड्यातल्या बायांनी तिथे काही दिवस मुक्कामाला यावं, काही शिकावं, चार जणींत बसावं, यासाठी ते घर. विणकाम शिका, स्वयंपाकाचे नवे प्रकार शिका, हस्तकला शिका. त्या बायांच्या घरीही गाई होत्या, लेकरं होती, कामं होती. तरी त्यांनी ठरवलं की पाणी आणि वीज जशी गरजेची, तसं घरापासून चार दिवस दूर राहणंही गरजेचं. शंभर वर्षांची संघटना हे म्हणते, तर आपणही म्हणायला हरकत नाही.

आता कामाचं बोलू. तुमच्या गटाला जायचं असेल तर काय करायचं?

पहिली गोष्ट पैशाची. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि कर्ज तर मुळीच काढायचं नाही. सहल निधी वेगळा ठेवा. महिन्याला 20 रुपये टाकले तर वर्षाला एकीचे 240 होतात, बारा जणींचे 2880. ठराव वहीत लिहा, हिशेब वेगळ्या पानावर ठेवा. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड सोबत घ्या. दुपारची शिदोरी घरून न्या. मग जवळची सहल फार महाग पडत नाही.

दुसरी गोष्ट रोजमजुरीची. जिचं पोट रोजीवर आहे, तिची दोन दिवसांची मजुरी बुडते. तिला "चल ना, काय होते" म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. म्हणून वेळ नीट निवडा. पोळ्यानंतर निंदण आटोपलेलं असतं आणि सोयाबीन कापणीला अजून वेळ असतो, तेव्हा काही दिवस मिळतात. रान हिरवं असतं, धाम भरून वाहत असते. फक्त पाण्यात उतरायचं नाही. दुसरी वेळ तूर निघाल्यावर, कापसाची वेचणी संपत आली की. हवा थंड असते. उन्हाळ्यात जाऊ नका, आपलं ऊन आपल्याला माहीत आहे.

तिसरी गोष्ट घराची. आमच्या तीन गटांनी एक युक्ती केली. सगळ्या जणी एकदम गेल्या नाहीत. ज्या मागे राहिल्या त्यांनी जाणाऱ्यांची जनावरं आणि लेकरांचं जेवण पाहिलं. पुढच्या फेरीत त्या जातील, तेव्हा या पाहतील. सासूबाईंना आधी सांगा, आणि खरं म्हणजे सासूबाईंनाही सोबत न्या. आमच्यासोबत दोन सासू-सुनांच्या जोड्या होत्या. परत येताना त्या सगळ्यात जास्त बोलत होत्या.

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या गटांत एकट्या बहिणी आहेत. नवरा गेलेल्या, सोडलेल्या. आपल्या भागात कर्जापायी घरधनी गमावलेल्याही आहेत. हळदीकुंकवाला त्यांना बोलवत नाहीत, लग्नात त्या मागे उभ्या राहतात. बाहेर जाणं म्हणजे त्यांच्यासाठी कागद घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या चढणं. सहलीला त्यांचं नाव यादीत पहिलं लिहा. तिथे कोणी कुंकू पाहत नाही. आमच्यातली अशी एक बहीण पवनारच्या घाटावर बसून म्हणाली, "तीन वर्षांत मी पहिल्यांदा हातात फाईल न घेता घराबाहेर निघाली." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. ही सहल चैन आहे असं कोणी म्हणालं, तर आम्ही त्यांना हेच वाक्य सांगतो.

पाचवी गोष्ट काळजीची. मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून जागा पक्की करा. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, ते जातानाच विचारून ठेवा. जिची गोळी चालू आहे तिनं गोळ्या सोबत ठेवा. मदतीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

सेवाग्राम-पवनार पाहून झालं असेल तर जिल्ह्यात आणखी पुष्कळ आहे. सेलू तालुक्यात केळझरचा सिद्धिविनायक आणि घोराडला केजाजी महाराजांचं देवस्थान आहे. त्याच तालुक्यात बोर धरण आणि जंगल आहे. 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत आकारानं अगदी छोटं. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात. बाबांनी व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा सांगतात आणि तसे गोल दगड टेकडीवर सापडतात. त्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद शिजवण्याच्या दिवसांत तिथे गेलात तर शिकून याल. आष्टीला 16 ऑगस्ट 1942 चे शहीद आहेत. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लेकरांना घेऊन पाहावा असाच.

एक शेवटचं. पाहुणी होऊन आलं की पाहुण्याला काय लागतं ते कळतं. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, आधी सांगितलेला भाव आणि गरम जेवण. आपल्या काही गटांच्या मनात आहे की गावी येणाऱ्यांना जेवण द्यावं, वावर दाखवावं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे आणि बायांसाठी "आई" हे पर्यटन धोरण 2023 चं. त्याची चौकशी नागपूरच्या पर्यटन कार्यालयात करता येईल. पण ते पुढचं पाऊल. आधी स्वतः जाऊन या. जिनं कधी पाहुणचार घेतला नाही, तिनं फक्त पाहुणचार करतच का राहावं?

पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, परतफेड झाली की वही बंद करण्याआधी एवढाच विषय काढा, "आपण कुठे जायचं?" कोणी विचारलं, "कशाला?" तर सांगा, "पाहायला." तेवढं कारण पुरतं.

तुमचा गट कुठे जाऊन आला, ते आम्हाला जरूर कळवा.